रब्बी म्हणजे वसंत

रब्बी हा शब्द आपण सगळेच वापरतो. रब्बीची ज्वारी, रब्बीचं कर्ज, रब्बीचा पीकविमा, रब्बीची आणेवारी. हा शब्द अरबी आहे. मूळ उच्चार ‘रबीअ’ आणि अर्थ वसंत ऋतू. पेरणी थंडीच्या तोंडावर होते, पण पीक हाती येतं वसंतात, म्हणून ते वसंताचं पीक. त्याचा जोडीदार खरीप. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू, आणि ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचा अर्थ फळं खुडून गोळा करणं. म्हणजे ही दोन्ही नावं पेरणीवरून पडलेली नाहीत, काढणीवरून पडली आहेत. ज्यानं ती ठेवली त्याचं लक्ष पाभरीवर नव्हतं, खळ्यावर होतं. असं का, ते पुढे येईलच.

या शब्दाच्या मागे मी लागलो त्याला कारण आमची दोन एकर सात गुंठे जमीन. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती आहे. वडील नोकरीसाठी बाहेर पडले आणि तीस वर्षं ती शेजारच्या आबांकडे बटईनं राहिली. चार वर्षांपूर्वी वडील गेले. वारसांची नोंद झाली, सातबाऱ्यावर माझं आणि चुलत भावांचं नाव आलं, आणि त्याच वर्षापासून मी शनिवारी शाळा सुटली की गावी जायला लागलो. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शेती शिकवणारे माझे गुरू आबा. ते मला ‘सर’ म्हणतात आणि तरी शेंड्यापासून मुळापर्यंत सगळं समजावून सांगतात.

आता रस्ता रुंद झाला आहे. रस्त्याकडेच्या शिवारात प्लॉट पडू लागले आहेत. भावांचं म्हणणं, भाव चांगला आहे, विकून टाकू. त्यातला धाकटा मला म्हणाला, “भाई, अपनेकू खेती से क्या लेना?”

त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्याला खरंच तसं वाटतं. गावातला मुसलमान म्हणजे पिंजारी, आतार, बागवान, मुलाणी, फार तर दुकानदार. शेती ही दुसऱ्यांची. माझ्या वर्गातली मुलं ‘शेतकरी’ या विषयावर निबंध लिहितात, तेव्हा त्या शेतकऱ्याचं नाव कधीच त्यांच्या आजोबांच्या नावासारखं नसतं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर भावनेच्या भरात देता आलं असतं. पण मी शिक्षक आहे, मला पुरावा लागतो. तो शोधताना जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

आधी हा वसंत कसा असतो ते सांगितलं पाहिजे. पुस्तकातल्या वसंतात कोकिळा असते आणि मोगरा असतो. आमच्या शिवारातला वसंत जानेवारीच्या शेवटी हरभऱ्याच्या पानांवर येतो. पहाटे त्या पानांवर आंबट दव साठतं, त्याला ‘आंब’ म्हणतात. आबांच्या घरातल्या बायका पहाटे पांढरं स्वच्छ फडकं हरभऱ्यावरून फिरवायच्या आणि पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायच्या. पोटदुखीवर ते घरचं औषध. मग घाटे भरतात आणि येणारा-जाणारा डहाळे उपटून खात जातो. त्याला कुणी अडवत नाही. फेब्रुवारीत पळस पेटतो, बांधावरचा पांगारा पानं टाकून लाल होतो, आंब्याच्या मोहराचा वास विहिरीपर्यंत येतो. चैत्राच्या तोंडाला कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते.

याच दिवसांत काम सगळ्यांत जास्त असतं. ज्वारी काढायला आली हे कसं ओळखायचं? आबांनी कणसातला दाणा काढून त्याचं खालचं टोक दाखवलं. तिथे काळा ठिपका दिसला की दाण्यानं झाडाकडून घ्यायचं ते घेऊन झालं. दाणा दातानं फुटताना ‘कट्’ वाजला पाहिजे. मग ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, कडब्याची गंज रचायची. करडई काढायची ती भल्या पहाटे, दवानं तिचे काटे मऊ असताना. ऊन वर आलं की हात फाटतात. या गोष्टी बीएडच्या कुठल्याच पेपरात नव्हत्या. पण शिकवण्याची एक पद्धत मात्र इथे नव्यानं कळली. आबा आधी करून दाखवतात, मग आपल्याला करू देतात, आणि बोलतात सगळ्यांत शेवटी.

असा हा रबीअ. आणि हाच शब्द आमच्या घरातल्या कॅलेंडरवरही आहे. हिजरी सनाचा तिसरा महिना रबीउल अव्वल, म्हणजे पहिला वसंत. चौथा रबीउल आखिर, दुसरा वसंत. पैगंबरांचा जन्म रबीउल अव्वलमधला. पण २०२५ साली हा ‘पहिला वसंत’ आला तेव्हा ऑगस्ट संपत होता, शिवारात चिखल होता आणि रब्बीची पेरणीसुद्धा झालेली नव्हती. महिन्याचं नाव एका ऋतूत आणि महिना दुसऱ्याच ऋतूत, असं का?

कारण साधं आहे. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी थंडीत, आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हिंदू पंचांगाचे महिनेही चंद्राचेच, पण तिथे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून ती तूट भरून काढतात, म्हणून चैत्र कधी श्रावणधारांत येत नाही. इस्लाममध्ये असा महिना वाढवायला मनाई आहे. इबादतीच्या दृष्टीनं त्यात न्याय आहे. उन्हाळ्यातला लांब रोजा जगाच्या एकाच भागातल्या माणसांच्या वाट्याला कायमचा येत नाही. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला ईद. एकाच अमावास्येनंतरची ती एकच कोर. गावात एका घरची पुरणपोळी आणि दुसऱ्या घरचा शीरखुर्मा एका दिवसाच्या अंतरानं ताटात आला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षापासून चैत्र आणि शव्वाल पुन्हा वेगवेगळ्या वाटेनं जातील.

इबादतीला हे चालतं. शेतसाऱ्याला चालत नाही. इतिहासातला खरा पेच इथे आहे.

समजा, सरकारनं सारा हिजरी सनाच्या हिशेबानं मागितला. ३३ सौर वर्षांत शेतकऱ्याची ३३ पिकं निघतात, पण तेवढ्याच काळात हिजरी सनाची ३४ वर्षं होतात. म्हणजे एका पिढीत एक संपूर्ण सारा असा द्यावा लागणार, ज्याच्यामागे पीकच नाही. शिवाय वसुलीची तारीख दर वर्षी ११ दिवसांनी अलीकडे सरकणार. काही वर्षांनी वसूल करणारा दारात उभा राहील तेव्हा कणसात दूधही भरलेलं नसेल.

हा पेच बगदादच्या अब्बासी खलिफांपुढे आला होता. तिथे सारावसुली इराणी नवरोजला जोडलेली होती, आणि लीप वर्षाची दुरुस्ती न झाल्यानं नवरोज ऋतूच्या मागे मागे सरकला होता. पीक उभं असताना कराची मागणी होई आणि शेतकऱ्यांना कर्ज काढावं लागे. इ.स. ८९५ मध्ये खलिफा मुअतजिद यानं नवरोज पुढे ढकलून ११ जूनवर आणला, म्हणजे पीक घरात आल्यानंतर. खलिफाच्या दरबारात हिजरी सन होताच. त्यानं तो बदलला नाही. फक्त वसुलीसाठी सूर्याचा हिशेब वेगळा ठेवला.

हाच प्रश्न पुढे हिंदुस्थानात अकबराच्या दरबारात निघाला. अबुल फजलनं तो नोंदवून ठेवला आहे: चंद्रवर्षानं सारा घेणं हा रयतेवर अन्याय आहे. १५८४ साली अकबरानं सौर ‘इलाही’ सन सुरू केला. त्याचं गणित करणारा विद्वान फत्हुल्ला शिराजी. तो शिराजहून आधी आला तो आपल्या दख्खनमध्ये, विजापूरच्या आदिलशाही दरबारात. तिथून १५८३ मध्ये अकबराकडे गेला. याच काळातली दुसरी व्यवस्था म्हणजे फसली सन. ‘फस्ल’ म्हणजे हंगाम, पीक. त्या वेळी चालू असलेला हिजरी आकडा घ्यायचा आणि तिथून पुढे वर्षं मात्र सूर्याची मोजायची, अशी ही तोड. दख्खनमध्ये फसली सन शाहजहाननं १६३६ च्या सुमारास लागू केला. तेव्हा हिजरी १०४६ चालू होतं. म्हणून दख्खनी फसली आणि इसवी सनात ५९० चा फरक आहे.

पण दख्खननं त्याच्याही आधी, जवळजवळ तीनशे वर्षं आधी, आपली वाट काढली होती. तिचं नाव शुहूर सन. जुन्या मराठी कागदांत ‘सुहूर’, ‘सुरूसन’ असं ते येतं. महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास तो सुरू झाला असं मानतात. तेव्हा हिजरी ७४५ होतं. तो आकडा उचलला आणि वर्षाचा आरंभ कुठे ठेवला? सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी. म्हणून या सनाचं दुसरं नाव मृगसाल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. सनाचं नाव अरबी, आकडा हिजरी, आणि वर्षाचा पहिला दिवस मृगाचा! ज्या दिवसाकडे आबा मे महिन्यापासून डोळे लावून बसतात, ज्याच्या आधी ढेकळं फुटलेली आणि बियाणं घरात आलेलं असावं लागतं, तो दिवस. ज्या कुणी कारकुनानं ही तोड काढली त्याचं नाव इतिहासात नाही. पण त्याला दोन गोष्टी नक्की ठाऊक होत्या: हिजरी सन कसा मोजतात, आणि आपल्याकडे शेतीचं वर्ष कधी सुरू होतं.

आणि हा सन सुलतानांबरोबर संपला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातल्या कागदांवर तो आहे, पेशव्यांच्या दफ्तरातही आहे. त्यात आकडे अरबी शब्दांनी लिहीत, एकं आधी, मग दहं, शतं, हजार. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार: १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४. महाराजांच्या राज्याभिषेकाचं ते साल. ‘इहिदे सितैन मया अलफ’ म्हणजे ११६१, अर्थात १७६०-६१. पानिपताच्या मोहिमेचं वर्ष. ही मोहीम लढणाऱ्यांचे कारकून मोडी लिपीत हे अरबी आकडे बोटांच्या सवयीनं लिहीत होते. पत्राच्या शेवटी तिथी यायची ती पुष्कळदा ‘छ’ अक्षर घालून हिजरी महिन्याची: छ ७ रबिलावल, छ १२ जमादिलाखर. छ म्हणजे चंद्र. एकाच ओळीत वर्ष मृगाचं आणि तारीख चंद्राची. आमचा रबीउल अव्वल मराठीत ‘रबिलावल’ होऊन असा पेशव्यांच्या दफ्तरात बसला आहे.

आता आमच्या भागाकडे येतो. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार फसली सनावर चाले. जमीन महसुलाचा कायदाच ‘१३१७ फसली’चा म्हणून ओळखला जातो, म्हणजे इसवी १९०७ चा. महिन्यांची नावं मात्र इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद... वर्षाचा आरंभ आजूरनं, ऑक्टोबरमध्ये. इराणात फरवर्दीन हा वसंताचा पहिला महिना, तो २१ मार्चच्या सुमारास लागतो. हैदराबादच्या हिशेबात फरवर्दी फेब्रुवारीत येई. हिशेबाच्या सोयीसाठी तसं झालं, ऋतूसाठी नव्हे. पण मराठवाड्यात पळस फुलतो तो फेब्रुवारीतच, त्यामुळे नकळत का होईना, वसंताच्या महिन्याचं नाव आमच्याकडे वसंतावरच पडलं.

गावाकडचे लोक असे जुने कागद माझ्याकडे वाचायला आणतात. घाईच्या शिकस्ता लिपीत लिहिलेले सेतवार, खासरे, पाहणीपत्रकं. २०२३ साली निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हापासून तर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्या घरात उर्दू म्हणजे परक्यांची भाषा असं समजलं जायचं, त्या घरातला मुलगा आपल्या पणजोबाच्या नावापुढे उर्दूत लिहिलेला ‘कुनबी’ शब्द शोधत माझ्या ओसरीवर बसलेला मी पाहिला आहे. तो शब्द सापडल्यावर त्यानं कागदाला हात लावून नमस्कार केला.

आमच्या घरच्या पेटीतही असा एक कागद निघाला. साल १३४४ फसली, म्हणजे १९३४-३५. त्यात ‘काश्तकार’ या रकान्यात, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या रकान्यात, माझ्या पणजोबांचं नाव आहे. पिकाच्या रकान्यात दोनच शब्द: जवार, चना. आज त्याच तुकड्यात मी तीच दोन पिकं घेतो. भावाला मी त्या कागदाचा फोटो पाठवला. त्याला उर्दू येतं. वेगळं काही लिहायची गरज पडली नाही.

इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या शब्दांचा इतिहास नुसता गोडगोड सलोख्याचा नाही. महसूल, तहसील, रयत, जमाबंदी, हद्द, हिस्सा, वारस, पोटखराब्यातला ‘खराब’ हे सगळे शब्द अरबी-फारसी आहेत आणि ते वसुली करणाऱ्याबरोबर आले. रब्बी आणि खरीप ही नावं काढणीवरून का पडली, त्याचंही उत्तर हेच. सरकारला पेरणीत रस नव्हता, पीक कधी तयार होतं यात होता. शेतीच्या हत्यारांची नावं पाहा: नांगर, वखर, कुळव, पाभर, तिफण, खुरपं, विळा. सगळी इथली. काम करायची नावं इथल्या मातीची आणि मोजायची नावं दरबाराची, अशी ही वाटणी आहे. आकडे लिहिणारा आणि घाम गाळणारा यांच्यातलं अंतर त्यात दिसतं.

पण अंतर कायमचं तेवढंच राहिलं नाही. ‘मशागत’ हा शब्द घ्या. मूळ अरबी ‘मशक्कत’, म्हणजे कष्ट. उर्दूत आजही कैद्याला ‘कैद-ए-बामशक्कत’ होते, सक्तमजुरी. मराठी शेतकऱ्यानं तोच शब्द उचलला आणि जमिनीच्या तयारीला दिला: नांगरट, वखरणी, ढेकळं फोडणं. शिक्षेचा शब्द निगुतीचा झाला. आबा म्हणतात, “सर, मशागत चांगली तर अर्धं पीक घरात.” माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि असे शेकडो शब्द त्यात नोंदवले. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्याच्या अडीचशे वर्षं आधी शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश तयार झाला. नव्या स्वतंत्र राज्याला आपली राजभाषा हवी वाटणं रास्तच होतं. तरीही शिवारातले शब्द हलले नाहीत. ‘जमीन’ तशीच राहिली, ‘हंगाम’ राहिला, ‘रब्बी’ राहिली. जुन्या मराठी कागदांत बापाचं नाव जोडताना अरबी ‘बिन’ वापरत, आणि ते पाटील-कुणब्यांच्या नावांतही. कारण शब्द राहतो तो हुकमानं नाही, वापरानं.

दरबारातून नेहमी वसुलीच आली असंही नाही. १६३०-३२ च्या दुष्काळानं दख्खनची गावं ओस पडली होती. पुढे औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान यानं पळालेली कुळं परत आणण्यासाठी बैल आणि बियाणं घ्यायला कर्जं दिली, जमिनीची मोजणी करवली, आणि पिकाच्या वाटणीत पाणी बघितलं: पावसाच्या पिकातून निम्मा हिस्सा, विहिरीच्या पिकातून तिसरा. अशा कर्जाला ‘तकावी’ म्हणत. मूळ ‘कुव्वत’, म्हणजे बळ. आपली तगाई ती हीच. निम्मा हिस्सा हा काही थोडका नव्हे, हेही लक्षात असू द्यावं. पण विहिरीवर राबणाऱ्याला सवलत दिली पाहिजे, एवढी जाण त्या वाटणीत होती.

ही जाण फार जुनी आहे आणि ती माझ्या धर्मातही आहे. शेताच्या उत्पन्नातून गरिबांसाठी जो वाटा काढायचा त्याला ‘उश्र’ म्हणतात, दहावा हिस्सा. पावसावर पिकलेल्या शेतातून दहावा. विहिरीचं पाणी ओढून, कष्ट आणि खर्च करून पिकवलं असेल तर त्याच्या निम्मा, विसावा. सातबाऱ्यावरचे दोन शब्द आठवा: जिरायत आणि बागायत. पहिला अरबी ‘जिराअत’पासून, दुसरा फारसी ‘बाग’पासून. तलाठ्याच्या रकान्यात जो भेद महसुलासाठी आहे, तोच उश्रमध्ये दानासाठी आहे. जिथे मशक्कत जास्त तिथे मागणी कमी.

आणि आणखी एक बारकावा, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पैशांवरच्या जकातीला हिजरी वर्ष पूर्ण व्हावं लागतं. उश्रला वर्ष मोजायचं नसतं. पीक काढलं त्या दिवशी त्याचा हक्क द्यायचा, असं कुराणात आहे. म्हणजे ज्या धर्मानं रोजा, हज, ईद सगळं चंद्रावर सोपवलं, त्यानं पिकाचं वेळापत्रक पिकाकडेच ठेवलं. बगदादचा खलिफा, अकबराचा गणिती, तुघलकाच्या काळातला तो अनामिक कारकून, सगळे धडपडत ज्या ठिकाणी पोचले ती गोष्ट खळ्यावरच्या माणसाला आधीपासून माहीत होती.

यंदा रमजान फेब्रुवारीतच लागला. ज्वारीची काढणी आणि रोजे एकत्र आले. सहेरी करून फजरची नमाज झाली की आम्ही शेतात उतरायचो आणि ऊन चढायच्या आत थांबायचो. आबा माझ्यासमोर पाणी प्यायला संकोचायचे. मी त्यांना सांगितलं, आबा, रोजा माझा आहे, तहान तुमची का मारता? मळणी झाली तेव्हा दहा पोत्यांमागे एक पोतं बाजूला काढलं आणि ते गावातल्या गरजू घरांत पोचवलं. धाकट्या भावाला त्या दिवशी बोलावलं होतं. तो आला, पोती मोजू लागला. मोजताना त्याच्या बुटात कुसळं गेली, तरी शेवटचं पोतं शिवेपर्यंत तो थांबला. विकायचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. तो विषय संपला आहे असं मी म्हणणार नाही. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आहे, त्याच्या मुलीचं शिक्षण आहे, आणि दोन एकरांवर कुणाचं घर चालत नाही हे मलाही माहीत आहे. माझा हिस्सा मी ठेवणार, एवढं मात्र मी त्याला कळवलं आहे, आणि मोजणीचा अर्ज दिला आहे.

विकायची असेल तर जमीन पैशासाठी विकावी. ‘शेती आपली नाही’ म्हणून विकू नये. कारण ते खरं नाही. पुढच्या वर्षी वर्गात ‘शेतकरी’ हा निबंध द्यायच्या आधी मी फळ्यावर पाच शब्द लिहिणार आहे: रब्बी, खरीप, हंगाम, मशागत, जिरायत. उर्दू शाळेतल्या मुलांना त्यांचे अर्थ मला सांगावे लागणार नाहीत; तीच मला सांगतील. मग त्यांना म्हणेन, आता घरी जाऊन विचारा, तुमच्या पणजोबांचं नाव कुठल्या रकान्यात आहे.

कडब्याची गंज रचून झाली आहे. करडई तेल काढायला गेली. आता मृगाच्या आत एक नांगरट, दोन वखराच्या पाळ्या आणि वरच्या बांधाची डागडुजी. आबा म्हणतात, यंदा तूर घाला, सोबत उडीद. घालणार आहे.